डायनॅमोचं भांडण

कॅनडात, वॉटर्लूला आमच्या रस्त्याच्या टोकाला एक इंग्लिश बाई एकट्या राहत असत. नव्वदीला टेकलेल्या. मार्चअखेर त्यांच्या मुलीने त्यांना रिटायरमेंट होममध्ये हलवायचं ठरवलं आणि ड्राइव्हवेवरचा उरलासुरला बर्फ बाजूला करून घरातलं सामान विकायला मांडलं. कपबश्या, पडदे, एक शिलाई मशीन, आणि गराजच्या दाराला टेकवलेली एक हिरवी लेडीज सायकल. इंग्लंडमध्ये बनलेली, तीन गिअरची, पन्नासच्या दशकातली. तिच्या पुढच्या चाकाचा मधला भाग आमटीच्या वाटीएवढा फुगीर होता. मी विचारलं हे काय, तर खुर्चीत पांघरूण घेऊन बसलेल्या बाई म्हणाल्या की दिव्याचा डायनॅमो चाकातच आहे, टायरला घासणारा नाही. तरुणपणी त्या नर्स होत्या आणि याच दिव्याच्या उजेडात ड्यूटीला जात. दिवे बऱ्याच वर्षांत लावले नव्हते, पण शेवटचे लावले तेव्हा लागत होते, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी तेव्हा एका टेक कंपनीत फर्मवेअर लिहायचे. ऑफिस सायकलच्या अंतरावर होतं. त्या सायकलला नवे दिवे बसवून मोकळं होता आलं असतं, पण मला तिचे मूळ दिवे हवे होते. तोच हेडलॅम्प, तोच मागचा लाल दिवा, त्याच कापडी वेष्टनाच्या वायरी, आणि तोच डायनॅमो. जशी होती तशी. घरी आणल्याच्या पहिल्या रविवारी मी डायनिंग टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, चाक काढलं आणि डायनॅमो उघडला. आत बांगडीसारखा एक जाड गोल मॅग्नेट होता आणि त्या बांगडीच्या पोटात बसलेलं, दात्यादात्यांचं, तार गुंडाळलेलं आर्मेचर. मी दोन्ही ओढून वेगळे केले, फोटो काढले, वाळलेलं ग्रीस पुसलं आणि परत बसवून टाकलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स केलेल्या बाईला सायकलचा डायनॅमो उघडता येणार नाही, असं मनात यायचं काही कारणच नव्हतं.

दिवे लागले नाहीत. वायरी जागोजागी उघड्या पडल्या होत्या, तेव्हा दोष वायरींचाच असणार असं मी धरून चालले. नवरा टेबलाशी उभा राहून सगळं पाहत होता. तो म्हणाला, "राहू दे ना. मे महिन्यात बाबा येतायत. ते चुटकीसरशी करतील."

मी वर्तमानपत्रं गोळा केली आणि सायकल गराजमध्ये नेऊन ठेवली. बाबा म्हणजे माझे सासरे. ते यायच्या आत दिवे लावून दाखवायचे असं मी त्या दिवशी ठरवलं, आणि ऑफिसच्या एका रिलीजपायी दीड महिना सायकलीला हातही लागला नाही.

सासऱ्यांचं अमरावतीला मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, कूलरचे पंखे, जे जळेल ते त्यांच्याकडे यायचं. त्यांचं शिक्षण आयटीआयपर्यंत. त्या दुकानावर त्यांनी मुलाला इंजिनिअर केलं होतं. आमचं लग्न आम्ही दोघांनी जमवलेलं, पण रीत म्हणून ते पुण्याला आमच्या घरी बोलणी करायला आले, तेव्हा माझ्या वडिलांनी चहाचा कप पुढे करत विचारलं होतं, "दुकान म्हणजे नक्की काय असतं त्यात?" वडिलांना खरंच ठाऊक नव्हतं, असं मी पुढे अनेक वर्षं नवऱ्याला सांगत आले. पण मी त्या खोलीत होते. वडिलांचा आवाज मी ऐकला होता. सासऱ्यांनी तो चहा घेतला नाही.

लग्नानंतर ते मला "तुम्ही" म्हणू लागले. थोरल्या जावेला ते "तू" म्हणत, शेजारच्या सुनेलाही "तू" म्हणत. मी एकटीच "तुम्ही". बाहेरच्यांना तो मान वाटायचा. मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं की हे मला दाराबाहेर उभं ठेवणं आहे. मीही कधी आत यायचा प्रयत्न केला नाही. दिवाळीला फोन करायचे, तब्येत विचारायचे, आणि नवऱ्याच्या हातात फोन देऊन स्वयंपाकघरात जायचे.

सासूबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी ते पहिल्यांदा कॅनडाला आले, सहा महिन्यांसाठी. आम्ही त्यांची सोय बेसमेंटमध्ये केली होती. स्वतंत्र वॉशरूम होती, खिडकी होती, हीटरही होता. त्यांनी खोली पाहिली आणि मुलाला म्हणाले, "तळघर आहे तर." मी जिन्यावर होते. त्यांना ते माहीत होतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी गराज ताब्यात घेतलं. स्क्रू एका डब्यात, वॉशर दुसऱ्यात, विंटर टायर एका कोपऱ्यात रचून त्यावर ताडपत्री. माझी हत्यारं त्यांनी भिंतीवर खिळे ठोकून टांगली, त्यांच्या हाताच्या उंचीवर. माझा मल्टिमीटर मला स्टुलावर चढून काढावा लागायचा. मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग स्टूल तिथेच ठेव.

मग एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर सायकल गराजमध्ये उलटी उभी केलेली होती. पुढचं चाक निघालेलं, हेडलॅम्प सुटा, आणि सासरे एका गोणपाटावर बसून लाल-काळी प्लास्टिकची वायर फ्रेमवर बांधत होते. घरातल्या स्पीकरची उरलेली वायर. मी जुन्या वायरी कुठे आहेत विचारलं. ते म्हणाले, टाकल्या. त्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

मी हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. त्या वायरी मूळच्या होत्या, त्यांचं कापडी वेष्टन मला तसंच नव्याने करून घ्यायचं होतं, ही सायकल माझी आहे, आणि मला न विचारता तिला हात लावायचा नव्हता, असं मी एका दमात बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उघडी वायर काय कामाची? शॉर्ट मारून राहिली होती ती. दिवा लागायला पाहिजे का वायर पाहायला पाहिजे?"

"मला दोन्ही पाहिजे," मी म्हटलं.

"मग तुम्ही करा," ते म्हणाले. हातातली पक्कड त्यांनी गोणपाटावर ठेवली, जोरात नाही, नीट ठेवली, आणि आत गेले.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आवाज कुणाचाच चढला नाही. मी केलेल्या आमटीत ते न बोलता वरून तिखट घालून घेत. ते टीव्ही बघत बसले की मी व्हॅक्यूम लावत असे. त्यांनी डिशवॉशरमध्ये रचलेली भांडी मी काढून पुन्हा रचायचे, ते समोर असताना. त्यांचे काही कागद भरायचे होते, ते मी तीन आठवडे टेबलावर पडू दिले. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या की ते हिंदीत त्यांना अमरावतीच्या जुन्या सुनांच्या गोष्टी सांगत, सगळ्या गोष्टींत सून पहाटे उठलेली असे. नवरा जेवणाच्या टेबलावर हवामानाबद्दल बोलायला शिकला.

सायकलीचं काम मी शनिवारी करू लागले. सासऱ्यांनी बसवलेली वायर काढून टाकली. ते गोणपाटावर बसले होते त्या दिवशी त्यांनी डायनॅमो उघडून, साफ करून पुन्हा बसवला होता, हे मला नवऱ्याकडून कळलं. जुने दिवे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून मी कापडी वेष्टनाची नवी वायर मागवली. हेडलॅम्पच्या आतला चकचकीत वाडगा मऊ फडक्याने पुसला, गंजलेला स्विच सोडवला, मूळ मापाचे बल्ब मिळवले. सगळं जोडून ऑगस्टमध्ये मी चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरवलं. हेडलॅम्पच्या बल्बमधली तार जेमतेम लालसर झाली. मीटर लावला. सहा व्होल्ट यायला हवे होते तिथे दीडही येईना.

डाउनटाउनमध्ये एक सायकलींचं वर्कशॉप होतं. स्वयंसेवक चालवायचे, कुणीही जाऊन आपली सायकल तिथे दुरुस्त करावी. तिथे एक म्हातारा जर्मन फिटर बसायचा, लेथवर आयुष्य काढलेला. मी चाक घेऊन गेले. त्याने ते दोन्ही हातांत धरून फिरवलं आणि लगेच विचारलं की हा डायनॅमो कुणी उघडला होता. मी म्हटलं, सासऱ्यांनी. त्याने मान हलवली. म्हणाला, या जुन्या मॅग्नेटची एक खोड असते. आर्मेचर त्याच्या पोटातून नुसतं ओढून काढलं आणि मॅग्नेट रिकामा राहिला, की क्षणात त्याची बरीचशी ताकद जाते, आणि परत बसवल्यावर ती येत नाही. आर्मेचर बाहेर सरकवता सरकवताच त्याच्या जागी लोखंडाचा तुकडा आत सरकवायचा असतो. त्याला कीपर म्हणतात. तुमच्या सासऱ्यांना हे माहीत नसणार, असं तो सहानुभूतीने म्हणाला.

मी बसमधून घरी आले ती जवळजवळ आनंदात. आज ते लिहिताना मला लाज वाटते, पण तो आनंदच होता. आयुष्यभर मोटरी गुंडाळलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती. मी नवऱ्याला सांगितलं नाही. सासऱ्यांनाही विचारलं नाही. मी गणपतीची वाट पाहिली.

त्या वर्षी गणपती आमच्याकडे होता. आरतीनंतर ज्याने त्याने आणलेल्या पदार्थांचं पॉटलक, बेसमेंटभर तीसेक माणसं, सासऱ्यांची खाट भिंतीला लावून ठेवलेली. नागपूरचे, पुण्याचे, मुंबईचे, सगळे आमच्यासारखे टेकवाले, आणि साठीच्या पुढचे दोन डॉक्टर, जे इथे पूर्वीच आले होते. कुणीतरी सायकलीचं विचारलं. मी हातात मोदकाची प्लेट घेऊन, हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की सायकल उत्तम होती, पण बाबांनी डायनॅमो उघडला आणि त्याचा मॅग्नेट मारून टाकला. वर कीपर म्हणजे काय तेही समजावून सांगितलं. त्या वेळी मी इंग्रजीच जास्त बोलत होते.

लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, घरातल्या म्हाताऱ्यांच्या खटपटींवर सगळेच हसतात. एक जण सासऱ्यांकडे वळून म्हणाला, "काय काका, अमरावतीच्या मोटरी चालतायत ना अजून?"

सासरे खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. एखाद्या यंत्राचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय याचा अंदाज घेतात, तसं पाहिलं. मग उठले, प्लेट सिंकमध्ये ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांची खोली आमच्या पाहुण्यांनी भरलेली होती, त्यामुळे त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा भात स्वतः लावायला सुरुवात केली. दुपारी, मी ऑफिसात असताना. भात, वरण, वर तिखट. भांडं हाताने घासून पालथं घालत. नवरा माझ्यावर पहिल्यांदा ओरडला ते त्या आठवड्यात. तू चारचौघांत का बोललीस, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी म्हटलं, खोटं बोलले का? तो म्हणाला, खरं-खोट्याचा प्रश्न नाही. मी म्हटलं, इंजिनिअरिंगमध्ये तोच एक प्रश्न असतो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

सप्टेंबर संपत आला तेव्हा मला ऑगस्टमध्ये केलेली हेडलॅम्पची जोडणी मूळच्याशी ताडून पाहायची होती. या सायकलींत फ्रेममधून करंट परत येत नाही, प्रत्येक दिव्याला दोन वायरी लागतात, आणि कोणती कुठे होती ते मला आठवेना. म्हणून मी कॉम्प्युटरवर मार्चमधले फोटो उघडले. पहिल्या फोटोत चाक. दुसऱ्यात नट. तिसऱ्यात डायनिंग टेबल, वर्तमानपत्र, आणि त्या वर्तमानपत्रावर एका बाजूला आर्मेचर, दुसऱ्या बाजूला मॅग्नेटची बांगडी. रिकामी. तिच्या पोटातून खालच्या बातमीची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती. सासरे त्यानंतर दीड महिन्याने आले होते. त्यांच्याआधी तो मीच उघडला होता, हे फिटरसमोर मला आठवलंही नव्हतं.

मी खाली गराजमध्ये गेले. का गेले ते सांगता येणार नाही, कदाचित अजूनही त्यांचाच काही दोष सापडेल म्हणून. त्यांच्या वॉशरच्या डब्याखाली एक कापडात गुंडाळलेली वस्तू होती. जाड लोखंडी पाइपचा तुकडा, करवतीने कापून, कानशीने चारी बाजूंनी घासून गुळगुळीत केलेला. मी चाक खाली घेऊन माप लावून पाहिलं. मॅग्नेटच्या पोटात बरोबर बसेल एवढाच होता. त्यांनी आधी कीपर बनवला होता आणि मगच डायनॅमो उघडला होता.

हे कळल्यावर मी लगेच जाऊन माफी मागितली असं लिहायला मला आवडलं असतं. मी चार दिवस काहीच केलं नाही. ऑफिसला गेले, आले. एकदा तर मनात आलं की फोटो डिलीट करून टाकावा. नवऱ्याला सांगितलं नाही. ते चार दिवस मला त्यांचा जास्तच राग येत होता. त्यांनी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर एवढं झालंच नसतं, असा माझा हिशेब होता.

पाचव्या दिवशी मी बेसमेंटमध्ये गेले. ते शर्टाला इस्त्री करत होते. त्यांचे कपडे ते स्वतःच धूत आणि इस्त्री करत, अमरावतीपासूनची सवय होती. मी दारातच उभी राहिले.

"बाबा, तो मॅग्नेट तुमच्यामुळे गेला नव्हता. मार्चमध्ये मी उघडला होता डायनॅमो. कीपर न लावता."

"माहीत आहे," ते म्हणाले. इस्त्री थांबली नाही.

"केव्हापासून?"

"पहिल्याच दिवसापासून. चाक फिरवलं तर हाताला काही लागूनच नाही राहिलं. जिवंत मॅग्नेट असला की चाक अडखळत फिरतं. आणि नटावर ताजे ओरखडे होते. पान्याऐवजी स्क्रूड्रायव्हर लावला होता तुम्ही."

मी खरंच लावला होता. "मग गणपतीच्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "तुम्ही मला विचारलं कुठे? तुम्ही तर सांगितलं."

मी सॉरी म्हटलं. इंग्रजीतच म्हटलं, मराठीत तो शब्द माझ्या तोंडून त्यांच्यासमोर निघाला नसता.

"मला सांगून काय फायदा," ते म्हणाले. "मला तर माहीतच होतं. ज्यांना सांगितलं त्यांना सांगा."

मी वर आले. पहिली प्रतिक्रिया रागाची होती. तीस जणांना काय घरोघरी जाऊन सांगू? पण त्या वेळी आमच्या मंडळींची एक ईमेल लिस्ट होती, भाड्याच्या घरांपासून कोजागरीच्या दुधापर्यंत सगळं त्यावर चालायचं. दोन दिवस मी त्या ईमेलचे मसुदे लिहीत होते. पहिल्यात विनोद होता, तो काढला. दुसऱ्यात माझी कारणं होती, तीही काढली. शेवटी चार ओळी उरल्या. गणपतीला मी सांगितलं ते चूक होतं, डायनॅमो मीच सासऱ्यांच्या येण्याआधी उघडून बिघडवला, त्यांनी तो कीपर बनवून, योग्य रीतीने उघडला होता, आणि न विचारता मी त्यांच्यावर आळ घेतला. पाठवून दिली. बहुतेकांना तो प्रसंगच आठवत नव्हता. एकाने स्मायली पाठवली. एका बाईने विचारलं की सगळं ठीक आहे ना घरी.

मी ती ईमेल प्रिंट करून सकाळी त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी कागद तिथेच होता. मी आर्मेचरला एका ठिकाणी नुसतं कॉइल म्हटलं होतं, तो शब्द त्यांनी पेनाने खोडून वर "आर्मेचर" लिहिलं होतं. बाकी काही नाही.

त्या रात्री जेवताना ते नवऱ्याशी बोलले, पण मला ऐकू जाईल असं. म्हणाले, तिला म्हण त्या वर्कशॉपमधून असाच एखादा भंगार डायनॅमो आणायला. आर्मेचर पाहिजे, जळकं असलं तरी चालेल. आणि जाड एनॅमलची तार.

मी आणला. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी गराजचं दार उघडं टाकून आम्ही बसलो, म्हणजे ते स्टुलावर आणि मी गोणपाटावर. त्यांनी हात लावला नाही. भंगारातल्या आर्मेचरवरची केसाएवढी बारीक तार मी उलगडून काढली आणि त्यांच्या सांगण्यावरून त्याच दात्यांवर जाड तार गुंडाळायला लागले. बॅटरीचा मोठा करंट त्या तारेतून क्षणभर सोडायचा, म्हणजे दाते जबर चुंबक होतील आणि भोवतालच्या मॅग्नेटमध्ये पुन्हा ताकद भरतील, अशी ती युक्ती. मला तत्त्व कळत होतं. हात चालत नव्हते.

मी सगळे दाते एकाच बाजूने गुंडाळले. ते शेवटचा दाता होईपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले, "काढा."

"का?"

"एक सुलटा, एक उलटा. मास्टर्स केलं ना तुम्ही?"

मी सगळं उलगडलं आणि परत गुंडाळलं. दुसऱ्यांदा तार सैल होती, ती काढायला लावली. तिसऱ्यांदा बोटांना चिरा पडल्या होत्या. मला खात्री आहे की पहिल्या वेढ्याला त्यांनी चूक पाहिली होती. मीही त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी असाच पूर्ण करू द्यायचो, म्हणजे हात विसरत नाहीत. मी म्हटलं, मी तुमच्या दुकानात नाही. "दिसून राहिलं आहे ते," ते म्हणाले.

दुपारी कारची बॅटरी काढून जमिनीवर ठेवली. मॅग्नेटमधून जुनं आर्मेचर सरकवताना त्यांचा कीपर आत गेला, आणि कीपर सरकवताना मी गुंडाळलेलं आर्मेचर आत गेलं. मॅग्नेट एकदाही रिकामा राहिला नाही. बर्फ उपसताना वापरायचे ते जाड हातमोजे त्यांनी मला घालायला लावले, नवऱ्याचा स्कीचा चष्माही. मग म्हणाले, केबल टेकवा आणि उचला. टाळी वाजवायला लागतो तेवढाच वेळ. मी टेकवली. ठिणगी उडाली, आणि मॅग्नेटने आर्मेचरला असं धरलं की गोणपाटावर दोन्ही मिळून थोडे सरकले. अजून एकदा. अजून एकदा. चौथ्यांदा मी टेकवणार तर त्यांनी स्टुलावरून माझं मनगट धरलं. "जळेल," एवढंच म्हणाले, आणि हात लगेच काढून घेतला.

मूळ आर्मेचर परत आत गेलं, चाक जोडलं. मी फिरवलं तर हाताला अडखळ लागली, बारीक बारीक, दात्यागणिक. वेगात फिरवल्यावर मीटरवर पावणेसहा व्होल्ट दिसले. दोन्ही दिवे लागले. पुढचा पिवळसर, मागचा लाल. गराजमध्ये ऊन होतं, त्यामुळे फार काही दिसलं नाही. मी वळून पाहिलं तर ते स्टूल भिंतीशी लावून ठेवत होते. जाताना म्हणाले की बॅटरी आत्ताच कारमध्ये टाका, नाहीतर उद्या विसराल.

पुढचे तीन आठवडे ते पुन्हा आमच्याबरोबर जेवले. आमटीत तिखट घालणं त्यांनी सोडलं नाही, आणि भांडी पुन्हा रचणं मीही सोडलं नाही. ऑक्टोबरअखेर आम्ही त्यांना टोरांटोच्या विमानतळावर सोडायला गेलो. मी वाकून नमस्कार केला. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले. ओळखीच्या-अनोळखीच्या कुणालाही ते हेच म्हणत. मुलाला त्यांनी जवळ घेतलं, आणि सिक्युरिटीच्या रांगेत लागल्यावर मागे वळून पाहिलं नाही. गाडीत नवऱ्याने विचारलं, आता तरी मिटलं ना तुमचं? मी म्हटलं, दिवे लागले. त्याला ते उत्तर आवडलं नाही, पण मला त्याला खोटं सांगायचं नव्हतं. मनातून मला हलकंच वाटत होतं, घर आता परत माझं होणार म्हणून. घरी पोचल्यावर मी पहिल्यांदा भिंतीवरची हत्यारं काढून माझ्या उंचीवर लावली.

पुढच्या वसंतात मी सायकलने ऑफिसला जाऊ लागले. परतताना अंधारून येई, दिवे उत्तम लागत. पण मागचा बल्ब सारखा जळू लागला. दोन आठवड्यांत तिसरा गेला. वायर तपासली, स्विच तपासला, व्होल्टेज मोजलं, सगळं बरोबर. वर्कशॉपमधला फिटर तेव्हा आजारी होता. नेटवर शोधलं, हाती काही लागलं नाही. चौथा बल्ब बसवायच्या आधी, एका रविवारी सकाळी, मी नवऱ्याला न सांगता अमरावतीला फोन लावला. लग्नानंतर पहिल्यांदा मी स्वतःहून, दिवाळी नसताना, तो नंबर फिरवत होते.

त्यांनी उचलला. मी माझं नाव सांगितलं. मुलाला काही झालं का, अशी धास्ती त्यांना बहुधा वाटली. मी लगेच म्हटलं की इकडे सगळं ठीक आहे, सायकलीचं विचारायचं होतं, आणि काय होतंय ते सांगितलं. तब्येत विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही, त्यांनीही माझी विचारली नाही.

"पुढचा चालू राहतो का?" त्यांनी विचारलं.

"चालू असतो. खड्ड्यात गेलं की कधी कधी लुकलुकतो."

"मग मागचं काहून तपासून राहिल्या? पुढच्या बल्बचा होल्डर सैल आहे. तो क्षणभर सुटला की सगळा करंट एकट्या मागच्यावर जातो. पुढचा घट्ट करा."

मी बरं म्हटलं. त्यांनी अजून काही आहे का विचारलं, मी नाही म्हटलं, आणि त्यांनी फोन ठेवला. मी गराजमध्ये गेले, हेडलॅम्पची काच काढली आणि बल्ब बोटाने हलवून पाहिला. होल्डर सैल होता.